पुरे म्हणलं तरी न थांबणारं मशीन

आधी एक गोष्ट साफ सांगून टाकते. चावीची अक्कल माही होती. आमच्या मास्तराईची नाई. ते अजूनही चारचौघात "मी असं बसवलं, मी तसं जमवलं" म्हणून सांगतात अन् मी आतून ऐकून घेते. आज ते घरी नाईत. तुमी आलेच हा तं बसा, चहा घ्या, अन् मधात मधात "हो का, हो का" करू नका. मले राग येते.

मास्तर म्हणजे आमचे हे. नाव मी घेत नाई, लोक रूपराव म्हणतात. शहाऐंशी साली ह्याईनं नालवाडीत दोन खोल्या घेतल्या अन् बाहेर पाटी लावली, 'प्रगती कॉम्प्युटर वर्ग'. मागच्या खोलीत आमचा संसार, समोरच्या खोलीत कॉम्प्युटर. म्हणजे कॉम्प्युटरची जागा. टेबल होतं, टेबलावर मी विणलेला रुमाल होता, अन् रुमालावर कॉम्प्युटर यायचं होतं. पुण्याहून येऊन राह्यलं होतं. अकरा महिने झाले, येऊनच राह्यलं होतं! तोपर्यंत हे फळ्यावर त्याचं चित्र काढत अन् सात पोट्टे सतरंजीवर बसून ते चित्र वहीत उतरवून घेत.

वर्गाले नागपूरच्या मंडळाची मान्यता पायजे होती. मंडळाचा साहेब येईन, मशीन चालताना पाहीन, मंग शिक्का मारीन. शिक्का नाई तं परीक्षा नाई, अन् परीक्षा नाई तं पोट्टे कायले येतीन? त्यातच वडनेरहून माह्या भासऱ्याईचा निरोप आलता. भासरे म्हणजे ह्याईचे थोरले भाऊ, वासुदेवराव. त्याईनं सांगून धाडलं, "पोळ्यापर्यंत मान्यता आली तं ठीक. नाई आली तं बिऱ्हाड उचलजो अन् घरी येजो. इहिरीवरचं इंजन बंद पडलं हाये. तुले मशीनच पायजे ना, ते घे."

आता मी माह्या मनातलं सांगते. वडनेरच्या घरी मी चार वर्सं राह्यली. घर चांगलं, माणसं चांगली, कोणी वाकडा शब्द बोललं नाई मले. पण मीही बोलली नाई ना! भासऱ्यापुढं पदर नाकापर्यंत अन् तोंडाले कुलूप. त्याईचा खोकला आला की मी असन तिथून आत. चार वर्सात त्याईच्यासंग एक शब्द नाई. काही द्याचं असलं तं ते खाली ठेवत अन् तोंड फिरवत, मंग मी उचलत होती. हातोहात कधीच नाई. थोरला भाऊ अन् धाकट्याची बायको आमच्याकडं असेच राह्यतात, त्यात त्याईची काही चूक नाई. पण नालवाडीत आली अन् मी बोलाले लागली. भाजीवालीसंग बोलो, पोट्ट्याईले रागावू, ह्याईच्यासंग तं भांडणच. मले परत जायचं नव्हतं. मीठभाकर खाल्ली असती पण गेली नसती.

म्हणून मी ह्याईच्या मागं लागली. "काही करा, पण साहेबाले मशीन दाखवा."

ह्याईनं नागपूरले तीन दिवसाचं ट्रेनिंग केलतं. तिथून एक शब्द आणला होता, एम्युलेटर. म्हणजे एका मशीनची दुसऱ्यानं केलेली हुबेहूब नकल. ते करते तेच हे करन, ना कमी ना जास्त. हे म्हणले, "दुसरं मशीन नाई आपल्यापाशी. पण माणसं हायेत."

मशीनचं डोकं म्हणजे प्रोसेसर. मले वाटे, डोकं हाये तं लय हुशार असन. कायचं हुशार, बाप्पा! खणातून चिठ्ठी काढाची, वाचाची, चिठ्ठी म्हणन ते कराचं, पुन्हा चिठ्ठी काढाची. जलमभर हाच फेरा. थांब म्हणलं तरच थांबते, अन् थांब म्हणाची जागाही ठरलेली. मी म्हणलं, एवढं तं आमची म्हैसही करते.

खणासाठी नत्थूजी भेटले. नत्थूजी म्हणजे आमच्या गल्लीतले रिटायर पोस्टमन. एकतीस वर्सं डाक वाटली, अन् एक पत्र दुसऱ्याच्या दारात पडलं नाई असं दिवसातून दोनदा सांगत. जुन्या पोस्टातला चिठ्ठ्या लावाचा सोळा खणाचा लाकडी रॅक त्याईच्या घरी कोंबड्याईले झाला होता. तो धुतला, खणाईले शून्यापासून पंधरापर्यंत नंबर टाकले. चिठ्ठी काढून वाचाचं काम नत्थूजीचं. चिठ्ठीत असन ते कराचं काम सायकलवाल्या हिरालालचं. पोट्टे काऊन नाई घेतले? अहो, पोट्टे रोज येत कुठं होते! मशीनचा एक पार्ट तापानं फणफणला अन् दुसरा मामाच्या गावाले गेला, तं मशीन कसं चालन?

पहिल्या तालमीत दोघंही रॅकवर तुटून पडले. नत्थूजी एका खणातून आकडा काढून राह्यले, तेवढ्यात हिरालाल त्याच खणात नवा आकडा खुपसून राह्यला. एकाची चिठ्ठी फाटली, दुसऱ्याचं मनगट खरचटलं, अन् सहात एक मिळवून उत्तर आलं पाच. तीन दिवस हेच. तिसऱ्या दिवशी नत्थूजी रुसून घरी गेले.

मी भेंड्या चिरत बसली होती. म्हणलं, "वडनेरले धान्याच्या कोठीची चावी किती?"

"एक," हे म्हणले.

"घरात बाया किती?"

"चार."

"मंग कधी दोघी एकसंग कोठीत शिरून भांडल्या? चावी जिच्या हाती, ती आत. बाकीच्या बाहेर थांबतात. तुमच्या मशीनले एक चावी द्या ना."

हे माह्याकडं पाहात राह्यले. मंग म्हणले, "हे पुस्तकात हाये. याले लॉक म्हणतात."

"मंग तीन दिवस काऊन नाई सांगतलं?"

हे उठले. माह्या पेटीची पितळी चावी घेऊन गेले फक्त.

चावीनं काम एकदम सुतासारखं सरळ झालं. चावी हाती असन त्यानंच रॅकले हात लावाचा. चावी नत्थूजीकडून हिरालालकडं, हिरालालकडून माह्याकडं, माह्याकडून पुन्हा नत्थूजीकडं. अन् मी नेम घातला, चावी हातोहातच द्याची. एका मुठीतून दुसऱ्या मुठीत. मधात कुठं टेकवाची नाई. मी कायले मधात? तं थांबवाचं काम माह्याकडं होतं. मशीन थांबवाचं असलं की मी शून्य नंबरच्या खणात लाल चिठ्ठी ठेवाची. हिरालालनं दर फेऱ्याच्या शेवटी त्या खणात पाह्यचं. लाल दिसली तं थांबाचं, नाई दिसली तं चावी पुढं.

एवढ्यावर राह्यले असते तं बरं झालं असतं. पण एका तालमीत हिरालालचं गिऱ्हाईक आलं, त्यानं चावी सतरंजीवर टाकली अन् पंक्चर काढाले गेला. अर्धा तास मशीन उभं. ह्याईले राग आला. ह्याईनं नत्थूजीले आपल्या मनानं एक नेम सांगतला, "चावी मोकळी पडलेली दिसली की उचलाची अन् फेरा सुरू कराचा. वाट पाह्यची नाई. अन् कोणी कितीही ओरडलं, अगदी मी ओरडलो, तरी थांबाचं नाई. मशीनले कान नसतात." नत्थूजीनं तो नेम वहीत लिहून घेतला अन् खाली सही केली.

साहेबाले दाखवाचं काय? हे म्हणले, गुणाकार. मी म्हणलं, साहेब नागपूरहून बसनं येईन, त्याले गुणाकार चारता काय? आपण पाहुण्याले कसं वाढतो? तो पुरे म्हणेपर्यंत. तेच दाखवा! ह्याईनं मांडीवर थाप मारली. "हेच तं लूप!" एकच चिठ्ठी, फिरून फिरून तीच: 'एक आलुबोंडा वाढा, आकडा एकानं वाढवा.' साहेब पुरे म्हणले की मी लाल चिठ्ठी ठेवाची. तळाले अन् वाढाले शेजारची रुखमा, दाराशी शेगडीवर कढई मांडून. ती जंगलखात्याच्या नर्सरीत कामाले जाये, कामाले वाघीण अन् बोलाले मुकी. मशीनमधी असंच माणूस पायजे, हे म्हणले. मी ऐकून घेतलं.

पंधरा दिवस तालमी केल्या. पोळ्याले आठ दिवस राह्यले होते. साहेबाची तारीख दोन दिवस अलीकडं आली, अन् ऐन त्या दिवशी सकाळी हिरालालच्या दुकानाले कुलूप. गिरडच्या टेकडीवर नवस फेडाले गेलता. साहेबाची तारीख बदलते, नवसाची थोडीच बदलते!

अन् त्याच सकाळी वडनेरच्या बसमधून कोण उतरलं? भासरे. धोतर, पांढरी टोपी, हातात पिशवीभर भुईमुगाच्या शेंगा. मान्यता येते का जाते, सोता पाह्यले आलते. मी खोकला ऐकला अन् मागच्या खोलीत पळाली.

मिनिटभरात हे आत आले, खुशीत. "जमलं! हिरालालच्या जागी दादाले उभं करतो. चिठ्ठीत लिहिलं तसं कराचं, एवढंच तं हाये."

"अव माय! अन् ते चावी मले कशी देतीन?"

"म्हणजे?"

"म्हणजे काय? हातोहात कशी देतीन? मी कोण हाये त्याईची?"

ह्याईनं डोकं खाजवलं. म्हणले, "तेव्हाचं तेव्हा पाहू."

"माही जागा पोट्ट्याले द्या."

"चारच आले हायेत. त्यातला एक उठवला तं समोरची सतरंजी रिकामी दिसन. अन् काम फक्त तुलेच येते."

तेवढ्यात साहेब आले. बारीक अंगाचे, चष्मा, हातात फाइल. चांगले होते बिचारे. त्याईनं टेबलावरचा रुमाल पाह्यला अन् म्हणले, "मशीन कुठे आहे?"

"येऊन राह्यलं साहेब. तोपर्यंत नकल दाखवतो. हुबेहूब." ह्याईनं त्याईले खुर्चीवर बसवलं, समोर स्टुलावर प्लेट ठेवली. "साहेब, तुमाले बस वाटलं की फक्त पुरे म्हणा. या बाई लाल चिठ्ठी ठेवतीन अन् मशीन आपोआप थांबन. चावीची ही जी पद्धत हाये, ती माही सोताची."

ऐकलं? या बाई! मी पदराआडून दात खाल्ले.

फेरा सुरू झाला. नत्थूजीनं चावी घेतली, चिठ्ठी काढली, डाक आल्यासारखी खड्या आवाजात वाचली, परत ठेवली अन् चावी भासऱ्याईच्या हाती दिली. भासऱ्याईनं पाटीवर एक लिहिला अन् रुखमाले हुकूम सोडला, "वाढ!" रुखमानं गरम आलुबोंडा वाढला. भासऱ्याईनं कमरेत वाकून शून्य नंबरच्या खणात पाह्यलं. "लाल नाई! चालू द्या!" जलमभर पंगतीत लोकाईले वाढलेलं माणूस ते, त्याईले काम भल्लं आवडलं.

मंग चावी मले द्याची वेळ आली. मी हात पुढं केला. त्याईनं हाताकडं पाह्यलंच नाई. तोंड खिडकीकडं फिरवलं अन् चावी अदबीनं खाली सतरंजीवर ठेवली. मी वाकली. पण नत्थूजी बसलेलेच होते. चावी मोकळी दिसली, त्याईनं उचलली, अन् फेरा सुरू.

पहिले चार फेरे असेच गेले. कोणाले काही वाटलं नाई, कारण मले चावी लागतच नव्हती. हे तं खूश, फेरा लवकर होऊन राह्यला म्हणून. साहेबही खूश. आलुबोंडा चांगला झाला होता, खोटं काऊन सांगू. पाचव्यावर त्याईनं रुमालानं तोंड पुसलं अन् म्हणले, "छान. पुरे."

मी लाल चिठ्ठी हाती घेतली. भासऱ्याईनं खणात पाह्यलं, "लाल नाई! चालू द्या!" अन् चावी खाली ठेवली. मी यावेळी झटक्यानं वाकली, तं पदर खांद्यावरून सरकला. भासऱ्यापुढं पदर! मी दोन्ही हातानं पदर धरला अन् तेवढ्यात नत्थूजीनं चावी नेली.

सहावा आला. "पुरे," साहेब म्हणले.

मी हळूच म्हणलं, "नत्थूजी काका, चावी मले द्या ना."

नत्थूजी समोर पाहात म्हणले, "बाई, ज्याच्या नावची त्यालेच. वहीत लिहिलं हाये." अन् चावी भासऱ्याईले दिली.

सातवा. आठवा. साहेब सभ्य माणूस, ताटात टाकाचं कसं म्हणून खात होते. कपाळावर घाम आला. नवव्याले त्याईनं प्लेटवर हात आडवा धरला. रुखमानं हाताच्या बाजूनं वाढला. "अहो, पुरे म्हणतोय ना मी!" भासरे कौतुकानं हासले. पाहुण्याचं पुरे आमच्याकडं कोण ऐकते? "वाढ!"

आता ह्याईचा चेहरा उतरला. ह्याईनं हात वर केला, "नत्थूजी, थांबा!"

नत्थूजीनं मान हालवली. "मास्तर, तुमीच म्हणलतं, तुमी ओरडले तरी थांबाचं नाई." चिठ्ठी काढली अन् वाचली.

"दादा, थांबा!"

"लाल नाई," भासरे म्हणले. "लाल दाखव, थांबतो." त्याईचं बरोबरच होतं! सगळ्याईचं बरोबर होतं. एकही माणूस चुकत नव्हतं अन् साहेबाच्या प्लेटमधी आलुबोंड्याचा ढीग होऊन राह्यला होता. बारावा फाइलवर ठेवला. तेरावा फाइलीवरून घरंगळून चष्म्याच्या डब्यात गेला. चौदाव्याले चारी पोट्टे तोंडात रुमाल कोंबून हालत होते. रुखमानं कढईकडं एक नजर टाकली अन् पिठात हात घातला, म्हणजे माल संपाची आशा नव्हती.

मी चावीवर पाय ठेवाचा इचार केला. पण चावीले पाय कसा लावू? नत्थूजीले ढकलू म्हणलं तं त्याईचं वय सत्तर. ह्याईकडं पाह्यलं, हे फळ्याले टेकून उभे होते अन् साहेबाले सांगत होते, "साहेब, मशीन लय इमानदार असते." साहेबानं फाइल जवळ ओढली अन् पेन खिशाले लावला. ते उठणार होते.

अन् मले वडनेरचा ओटा दिसला. तिथं पदर ओढून उभी असलेली मी दिसली, पुढचे चाळीस वर्सं.  भासऱ्याईनं खणात पाह्यलं, "लाल नाई!" म्हणले, तोंड खिडकीकडं फिरवलं अन् चावीचा हात खाली न्याले लागले. मी पुढं झाली अन् त्याईची मूठ धरली. त्याईची मूठ, माह्या हातानं. त्याईले काय म्हणून हाक माराची तेही मले माहीत नव्हतं, कधी मारलीच नव्हती.

"द्या!" मी म्हणलं.

ते इतके दचकले की मूठ आणखीनच घट्ट झाली. मी ओढली. चावी निघाली. मी शून्य नंबरच्या खणात लाल चिठ्ठी ठेवली, चावी नत्थूजीच्या हातात दिली, हातोहात, अन् बाजूले सरकली. नत्थूजीनं चिठ्ठी वाचली. भासऱ्याईनं यंत्रासारखा आकडा लिहिला, रुखमानं पंधरावा वाढला, भासऱ्याईनं खणात पाह्यलं अन् अगदी बारीक आवाजात म्हणले, "लाल."

मशीन थांबलं.

 साहेबानं चष्मा पुसला, म्हणजे तेलकट केला. म्हणले, "मास्तर, हे थांबत का नव्हतं?"

"साहेब, थोडं गरम झालं असन," हे म्हणले.

काय म्हणावं या माणसाले! मले राहावलं नाई. एकदा तोंड उघडलंच होतं. मी म्हणलं, "गरमबिरम काही नाई साहेब. चावी हातोहात द्याची होती. ती खाली ठेवली, तं ठेवल्यापासून उचलेपर्यंत ती कोणाचीच नव्हती. तेवढ्यात ज्याचा हात जवळ, त्यानं नेली. थांबवणाऱ्याले चावी भेटलीच नाई, तं लाल कुठून दिसन? अन् मोकळी दिसली की उचला, हा नेम मास्तराईचा होता. माहा नाई."

साहेब माह्याकडं पाहात राह्यले. मंग हासले, पोट धरून, म्हणजे पोट दुखतच होतं त्याईचं. "बाई, मोठमोठ्या मशीनमध्येही हाच घोळ होतो. सोडणं आणि घेणं यांच्या मध्ये जरा जागा राहिली की संपलं. आमच्या इंजिनियर लोकांना सापडायला आठवडे लागतात. पण खाली का ठेवली यांनी?"

आता हे साहेबाले कसं सांगाचं? मी खाली पाह्यलं. भासऱ्याईनं खिडकीकडं पाह्यलं. साहेब नागपूरचे असले तरी घरचे होतेच कोणाचे तरी. त्याईले समजलं. पुढं विचारलं नाई.

पण शिक्का मारला नाई. "मशीन नाही तर मान्यता नाही, माझा नाइलाज आहे," म्हणले. "मशीन आल्यावर कळवा, मी स्वतः येईन. फक्त जेवून येईन." फाइलवरचा आलुबोंडा टेबलावरच्या रुमालात ठेवला अन् गेले. पोट्टेही गेले. नत्थूजीनं वहीत 'फेरे पंधरा' असं लिहिलं, सही केली अन् जेवाले गेले.

भासरे म्हणले, "रूप्या, बिऱ्हाड बांध."

मी मागच्या खोलीत गेली अन् भांडे पोत्यात भराले लागली. भरत कायची, आपटत होती. डोळ्याले धार लागली होती. एवढं करून, मूठ धरून, चारचौघात बोलून, शेवटी जायचंच होतं. मले त्या साहेबाचा राग आला, ह्याईचा आला, पुण्याच्या कॉम्प्युटरवाल्याचा आला. अन् माहा आला, कारण आता तं वडनेरले मी कोणतं तोंड घेऊन जाणार होती?

समोरच्या खोलीतून भासऱ्याईचा आवाज आला.

"रूप्या, थांब. हिले नेता कसं येईन रे?"

"म्हणजे?"

"अरे, हिनं माह्या मुठीतून चावी ओढली. मले द्या म्हणलं. साहेबापुढं तुही चूक काढली, अन् बरोबर काढली. आता वडनेरच्या घरी हिनं पदर ओढून कोपऱ्यात उभं राहाचं अन् मी खोकत खोकत फिराचं, हे कोणाले खरं वाटन? मलेच हासू येईन."

"तं काय करू दादा?"

"मशीन येतपर्यंत राहा इथंच. इंजनाचं मी पाहून घेतो."

माह्या हातातली परात पोत्यात अर्धी गेली होती, तशीच राह्यली.

दुपारच्या बसले ते निघाले. मी दाराशी उभी होती, पदर डोक्यावर, नाकापर्यंत नाई. भासऱ्याईनं पिशवी उचलली, टोपी नीट केली अन् ह्याईले म्हणले, "तिले सांग, चावी लय जोरात ओढली. बोट सुजलं."

ते अन् मी दोन हाताच्या अंतरावर उभे होतो. तरी हे माह्याकडं वळले अन् सांगाले लागले, "दादा म्हणतात की..."

"ऐकू आलं मले," मी म्हणलं. अन् भासऱ्याईकडं पाहून म्हणलं, "घरी गेले की हळद लावा."

ते दोन पायऱ्या उतरले, थांबले, अन् माह्याकडं पाहून म्हणले, "लावतो."